आतल्या खोलीतली सवाष्ण

घरी चार माणसं येणार असली की आपण काय काय लपवतो! विटकी चादर, पोपडे निघालेली भिंत, कान तुटलेले कप. त्यात वाईट काही नाही. चारचौघांत आपलं घर बरं दिसावं असं कुणाला वाटत नाही? पण उमापूरच्या छबुबाईंनी गेल्या संक्रांतीला जे लपवलं ते फाटलेलं नव्हतं की फुटलेलं नव्हतं. ती त्यांची चांगली हसती-बोलती सून होती.

छबुबाई म्हणजे सुंदररावांच्या मंडळी. तीस एकर रान, पंचायत समितीची एक निवडणूक लढवून पडलेले मालक आणि पडल्यावरही ओसरीवर तुटलेला नाही असा माणसांचा राबता. अशा घरचं हळदी-कुंकू म्हटल्यावर अर्धा गाव लोटणार. सकाळी सुगडी घेऊन, एकमेकींना वाण देऊन बाया मारुतीच्या देवळात ववसून आल्या होत्या. दुपारी अंगणात सतरंज्या पडल्या, हलव्याची ताटं मांडली, आणि मोहिनी नवी साडी नेसून, डोक्याला रुमाल बांधून, वरून पदर घेऊन बाहेर यायला निघाली. छबुबाईंनी तिला दारातच अडवलं.

"तू आतच बस," त्या म्हणाल्या. "बायांनी इचारलं तर मी सांगते, माहेरला गेलीय म्हनून."

"पदर घेऊन बसते की, आत्याबाई. कुनाला दिसायलंय?"

"अन् घसरला म्हंजे? कुंकू भरायला भांग तरी पायजे का न्हाई? बोडक्या डोक्यानं सवाष्णींत बसलेली बाई आजवर कुनी बगितलीय का? सणासुदीला उगं लोकाच्या तोंडी द्यायचं न्हाई."

मोहिनीचा नवरा बजरंग बाहेर ओसरीवर धडधाकट बसलेला होता. तरी त्याची बायको त्या दुपारी सवाष्ण ठरली नाही, कारण तिच्या डोक्यावर केस नव्हते! मोहिनी मागे फिरली आणि आतल्या खोलीत जाऊन पलंगाच्या कडेला बसली.

बाहेर तिची सात वर्षांची आरोही वाटीवाटीनं तिळगूळ वाटत होती. एकीनं विचारलं, "आई कुटं गं तुजी?" पोरीनं आधी आतल्या दाराकडं पाहिलं, मग आजीकडं पाहिलं आणि म्हणाली, "मामाच्या गावाला." शाळेत महिना महिना घोकून कविता पाठ न होणाऱ्या लेकराला हे खोटं एका सकाळीत पाठ झालं होतं.

आता छबुबाई दुष्ट होत्या असं मात्र समजू नका. आदल्या जूनमध्ये मोहिनीच्या छातीत गाठ निघाली तेव्हा संभाजीनगरच्या दवाखान्यात तिच्या उशाशी बसणाऱ्या त्याच होत्या. ऑपरेशन झालं, मग तीन-तीन आठवड्यांनी केमोच्या सलाइनी सुरू झाल्या. सुनेच्या उलट्या त्यांनी काढल्या, तिला चमच्यानं पेज भरवली, लिंबागणेशच्या गणपतीला नवस बोलल्या. डिसेंबरात शेवटची सलाइन संपली आणि डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात म्हणून बरं झालं. त्या दिवशी छबुबाईंनी दवाखान्याच्या पायरीवर कपाळ टेकवलं होतं. आजार त्यांनी खांद्यावर घेतला, पण टक्कल काही त्यांच्यानं पेलवेना.

आणि एक गोष्ट त्यांनी अशी केली होती की ती आठवली तर आज त्यांचा घास घशाखाली उतरत नाही. दुसऱ्या सलाइनीच्या आधी मोहिनीचे केस झडायला लागले. उशीवर केस, न्हाणीत केस, फणीला झुपकेच्या झुपके. लांबसडक, काळेभोर केस. आपल्याकडं बायका विंचरताना निघालेलं गुंतवळ टाकून देत नाहीत, पिशवीत जमवून ठेवतात आणि "केसावर भांडीऽऽ" अशी आरोळी आली की त्याच्यावर वाटी-चमचा घेतात. छबुबाईंनी जन्मभर तेच केलं होतं. त्यांनी सुनेचे केसही सवयीनं गोळा केले. भांडीवाला आला तेव्हा ती फुगलेली पिशवी हातात घेऊन तो खूश झाला आणि म्हणाला, "लई दिवसानं असा लांब माल बगितला, मावशी." छबुबाईंनी घासाघीस करून त्याच्याकडून स्टीलचं पातेलं मिळवलं. वाया कशाला घालवायचं, एवढाच त्यांचा विचार. खिडकीच्या आत पलंगावर मोहिनी जागी होती आणि तिला शब्द न् शब्द ऐकू येत होता, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. त्या पातेल्यात मोहिनीनं कधी चहा ठेवला नाही. छबुबाई म्हणायच्या, आजारानं पोरगी चिडचिडी झालीय.

संक्रांतीच्या त्या दुपारी छबुबाईंची लेक सायलीही तेलगावहून आली होती. ती हळदी-कुंकवाची कोयरी घेऊन आतल्या दारापर्यंत गेली, घटकाभर उभी राहिली आणि आत न जाताच परत फिरली. बाया पांगल्यावर सतरंज्या झटकता झटकता तिनं विचारलं, "आई, माजे केस गेले तर मला बी आत बसवशील का गं?"

"भरल्या सणाचं काय अभद्र बोलायलीस!" छबुबाईंनी तिच्या पाठीवरची जाडजूड वेणी हातात घेऊन बोटं कडाकडा मोडली. "माज्या लेकीच्या केसाला कुनाची नजर लागायला नको."

पोरगी काहीतरी विचारत होती आणि आईनं तिच्या वेणीची दृष्ट काढली! दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती तेलगावला निघून गेली.

मार्चमध्ये दरसालप्रमाणे धनगराचा कळप सुंदररावांच्या रानात उतरला. सिदू आणि त्याची बायको कडूबाई हे जोडपं गेली वीस वर्षं यायचं. रात्री मेंढरं रानात बसवायची, रानाला खत मिळायचं, त्यांना जोंधळे मिळायचे. त्या दिवशी लिंबाखाली मेंढरं कातरायचं काम चाललं होतं. सिदू कातर चालवत होता, कडूबाई मेंढीचे पाय धरून बसली होती. मोहिनी त्यांच्यासाठी पाण्याची कळशी घेऊन आली. वाकून कळशी ठेवताना तिचा रुमाल मागं सरकला.

"अगं बया!" कडूबाईनं मेंढी सोडून दिली आणि सरळ मोहिनीच्या डोक्यावरून हात फिरवला. बोटभर केस आले होते, दाट आणि कुरळे. आधी तिचे केस अगदी सरळ होते. "हे तर कोकराच्या लोकरीगत आलंय की गं! किती ग्वाड दिसायलंय!"

कितीतरी महिन्यांनी मोहिनी मोकळी हसली. तेवढ्यात बांधावरून छबुबाईंचा आवाज आला, "ते डोक्यावर घे आधी! उघड्या रानात उभी ऱ्हायलीस!"

मोहिनीनं रुमाल ओढला आणि खाली मान घालून घराकडं निघून गेली. कडूबाईला ते खपलं नाही. साठी उलटलेली बाई, कुणाची भीडभाड कशाला धरील?

"मालकीणबाई, एक बोलू का? राग मानायचा न्हाई."

"बोल."

"ती बगा, ती मेंढी सकाळी कातरली. कळपात सोडली तर तिचं कोकरूच तिला वळखंना. इकडं पळालं, तिकडं पळालं, बें बें करून बेजार. मग तिनं आवाज दिला. कोकरानं जवळ येऊन वास घेतला अन् लागलं लुचायला. जनावर हाय, घडीभर चुकलं. तुमी तर आठ महिने झाले चुकायलात."

"जनावराचं अन् माणसाचं एक असतं व्हय?"

"एक न्हाईच की. जनावराला लवकर समजतं."

सिदू कातर थांबवून म्हणाला, "गप की. मालकिणीला असं बोलतेत का?" पण कडूबाई कुठली गप्प बसते! "औषदानं केस नेले अन् जीव ठिवला. त्याचे पेढे वाटायचे सोडून तुमी तोंड लपवायलात. कावून?"

छबुबाईंना झोंबलं. "तुला बोलायला काय जातंय! तुमचं पाल आज हितं, उद्या तितं. आमाला याच गावात इज्जतीनं ऱ्हायचंय."

"इज्जत केसात असती तर आमी ती दर साली पोत्यात भरून इकतो की, मालकीणबाई," कडूबाई म्हणाली आणि मग तिचा आवाज खाली आला. "हसण्यावारी नेऊ नका. पोर माहेरला गेली न्हाई, हे समद्या गावाला मालूम हाय. बाया तोंडावर बोलत न्हाईत, पन मनात धरतेत. हा आजार झाला म्हंजे घरातलीच मोठी बाई आपल्याला आत कोंडती, एवढं त्या तुमच्याकडं बगून शिकल्या. उद्या कुनाच्या हाताला गाठ लागली तर ती तोंड उघडंल का? सांगा बरं!"

छबुबाई ताडताड घरी आल्या. दोन दिवस त्यांच्या कानात तेच बोलणं घुमत राहिलं. तिसऱ्या दिवशी हरभऱ्याची रास घरी आली आणि त्या कामाच्या धबडग्यात विसरल्या. चांगलं बोलणं आपल्या पोटात असं किती दिवस टिकतं?

पाडव्याच्या आदल्या दिवशी सायली आली. लेक माहेरी आली की आईनं तिचं डोकं धुवायचं, हा त्या घरचा रिवाज. छबुबाईंनी शिकेकाई उकळली, खोबरेल कोमट केलं, न्हाणीच्या पायरीवर बसून लेकीला पुढ्यात घेतलं. वेणी सोडली तर केस थेट फरशीला टेकले. छबुबाईंचा ऊर भरून आला.

"हात वर करून केस पुढं घे गं."

सायलीचा हात खांद्यापर्यंत आला आणि थांबला. तिच्या तोंडून बारीक कण्हणं निघालं. "अवघडलाय गं," ती म्हणाली. छबुबाईंनी तेलाचा हात तिच्या काखेपाशी नेला, चोळून द्यावं म्हणून. बोटांखाली सुपारीएवढं काहीतरी टणक आलं.

छबुबाईंचा हात तिथंच राहिला. हे त्यांच्या बोटांना नवं नव्हतं. जूनमध्ये मोहिनीनं त्यांचा हात धरून आपली गाठ दाखवली होती, तेव्हाही असंच टणक लागलं होतं.

"हे काय गं सायले?"

"काही न्हाई."

"काही न्हाई कसं? कदीपासून हाय हे?"

सायलीनं काखेपाशी आलेला आईचा हात हळूच दूर केला. मग म्हणाली, "दिवाळीपासून. छातीतली आदी लागली. ही मागून आली."

दिवाळीपासून! म्हणजे पुरते पाच महिने! म्हणजे संक्रांतीला सगळ्यांना कुंकू लावत अंगणात फिरत होती तेव्हाही ती गाठ तिच्या अंगात होती!

"अन् तोंडातून चकार शब्द काढला न्हाईस? कावून गं? कावून?"

"कुनाला सांगू?" सायली वळली. ती रडत नव्हती, हेच छबुबाईंना जास्त लागलं. "तुला? वहिनीला काय केलंस ते माज्या डोळ्यानं बगितलंय. सणाच्या दिवशी तिला कोंडून बसवलीस. तिच्या केसावर तू पातेलं घेतलंस, आई. तू माजी सख्खी आई अशी, मग माजी सासू काय करील? म्हनलं, जितके दिवस केसासकट निघतेल तितके निघू दे."

छबुबाईंच्या हातातली तेलाची वाटी खाली पडली आणि पायरीवरून ओघळ वाहत गेला. त्यांना तो दिसलाही नाही. अरेरे! ज्या सुनेला त्यांनी लोकांपासून झाकलं, तिची कोंडी दाराआडून त्यांची पोटची पोर बघत होती आणि बघून शहाणी झाली होती. छबुबाईंनी तिला तोंडानं कधी सांगितलं नव्हतं की आजार लपव. पण शिकवायला तोंडच लागतं असं कुठं आहे?

"चल ऊठ. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात."

"मी येनार न्हाई."

सुंदरराव ओरडले, बजरंगनं हातापाया पडून पाहिलं. सायली हलेना. "मला केस घालवून घ्यायचे न्हाईत. मरायचं तर धड मरीन," एवढंच तिचं पालुपद. आई समजवायला गेली तर ती तोंड फिरवून बसे. आणि कुठल्या तोंडानं समजवणार होती आई? तिचं बोलणं लेकीनं का ऐकावं?

शेवटी छबुबाई आतल्या खोलीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. मोहिनी आरोहीचा फ्रॉक शिवत बसली होती. बाहेरचं सगळं तिला ऐकू गेलं होतं.

"मोहिनी, तू सांग तिला. तुजं ऐकंल ती," त्या म्हणाल्या. मग उंबऱ्यावरच मटकन खाली बसल्या. "माजं चुकलं गं. लई चुकलं."

मोहिनीनं सुई कापडात खोचली. ती बोलली तेव्हा तिचा आवाज चढलेला नव्हता. "आत्याबाई, केस गेले तवा मी रडले न्हाई. तुमी ते इकले तवा बी उशीत तोंड खुपसून गप्प ऱ्हायले. पन माजी आरोही समद्या बायांपुढं म्हनली ना, आई मामाच्या गावाला गेली, तवा लई रडले. मी दाराच्या मागंच हुते." तिनं फ्रॉक बाजूला ठेवला. "तुमाला माफ करायला मला येळ लागंल. उगं खोटं कशाला बोलू? पन सायलीताईला तेवढा येळ न्हाई. चला."

तिनं डोक्यावरचा रुमाल काढला, तिथंच पलंगावर टाकला आणि बाहेर आली. आरडाओरडा ऐकून शेजारच्या दोन-तीन बाया अंगणात जमल्या होत्या. त्यांच्या देखत मोहिनी सायलीपुढं जाऊन बसली आणि तिचा हात धरून आपल्या डोक्यावर ठेवला.

सायलीची बोटं त्या कुरळ्या केसांतून हळूहळू फिरली. "कुरळे कसे गं आले?"

"मला काय ठाऊक. डॉक्टर म्हनले, असं हुतं कदी कदी. पुढं सरळ बी हुतेल. मला तर हेच आवडायलेत."

"लई तरास होतो का?"

"होतो. उलट्या हुतेत, तोंडाची चव जाती, पाय उचलत न्हाईत. पन केस जाताना दुखत न्हाई, ताई. दुखतं ते घरचं माणूस तोंड फिरवतं तवा."

"ते माणसांचं माज्याकडं लागलं," छबुबाई मागून म्हणाल्या. सायलीनं वहिनीच्या गळ्यात हात टाकले आणि त्या दुपारी पहिल्यांदा तिला रडू फुटलं.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मोहिनी आणि बजरंग सायलीला संभाजीनगरला घेऊन गेले. छबुबाई बरोबर होत्या. तपासण्या झाल्या, सुईनं तुकडा काढून पाहिला, कागद आले. डॉक्टरबाई तरुण होत्या, पण बोलायला स्वच्छ. गाठ वाढली आहे, काखेत पसरली आहे, आधी केमो देऊन ती लहान करू, मग ऑपरेशन. उपचार लांबतील.

"बरी हुईल ना?" छबुबाईंनी विचारलं.

"प्रयत्नात आम्ही काही कमी ठेवणार नाही, आई. पण आज खात्री देता येणार नाही."

"चार-पाच महिन्यानं एवढा फरक पडतो का हो, बाई?"

डॉक्टरबाईंनी हातातला कागद खाली ठेवला आणि म्हणाल्या, "पडतो."

कोणामुळं ते पाच महिने गेले, हे छबुबाईंना कुणी सांगायची गरज नव्हती.

पहिल्या सलाइनीनंतर तिसऱ्या आठवड्यात सायलीचे केस गेले. तिचा नवरा हरिओम भला माणूस, स्वतः मोटारसायकलवर दवाखान्याच्या गाडीपर्यंत आणायचा-न्यायचा. पण त्याची आई सरस्वतीबाई पडल्या जुन्या वळणाच्या. छबुबाई लेकीला भेटायला तेलगावला गेल्या तेव्हा ओट्यावर शेजारच्या पाच-सहा बाया बसलेल्या होत्या आणि आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. सरस्वतीबाईंनी विहिणीला बाजूला घेतलं आणि कानाशी लागून म्हणाल्या, "काळजी करू नका. मी समद्यांना सांगितलंय, सायली पुण्याला जावेकडं गेलीय म्हनून. केस येईस्तोवर आतच ऱ्हाईल. कुनाला कळायचं न्हाई. तुमच्या अन् आमच्या घरान्याची इज्जत एकच हाय की."

छबुबाईंचेच शब्द होते हे! गाव बदललं होतं, बाई बदलली होती, दाराआडची पोर तेवढी आता त्यांची होती. ह्यांना काय बोलणार? बोलायचा आपल्याला काय हक्क? क्षणभर त्यांना वाटलं, गप बसावं, विहिणीला दुखवू नये, लेकीला नांदायचं आहे. पण गप्प बसण्याचं काय होतं ते त्यांनी बघून घेतलं होतं.

त्या ओट्यावर आल्या.

"बायांनो, सायली पुण्याला गेलेली न्हाई," त्या म्हणाल्या. "हितंच हाय, आतल्या खोलीत. तिला क्यान्सर झालाय. औषदानं केस गेलेत. इहीनबाईला बोल लावू नका, ही अक्कल माजीच. मी माज्या सुनेला अशीच आत बसवली हुती, संक्रांतीच्या दिवशी. तिचा आजार बरा झाला, केस बी आले. पन तिला बगून माजी लेक भ्याली. दिवाळीला गाठ लागली, ती पाडव्यापर्यंत पदराखाली घेऊन हिंडली. आईला सांगितलं न्हाई. सांगावं अशी आई मी ऱ्हायलेच न्हवते!" त्यांनी आतल्या दाराकडं पाहिलं. "आता डॉक्टर म्हनतेत, आदी आला असता तर बरं झालं असतं. मी माज्या हातानं लेकीचे पाच महिने घालवले, बायांनो. कुटून आनू मी ते?"

सरस्वतीबाईंनी पदर तोंडाला लावला होता. छबुबाईंनी जाऊन लोटलेलं दार उघडलं.

"सायले, बाहेर येतीस का? डोक्यावर पदर घ्यायचा का न्हाई, ते तुजं तू बग. कुनाची सक्ती न्हाई. पन माणसात ये."

सायली आली. डोक्याला ओढणी गुंडाळलेली, चेहरा सुकलेला. उन्हात आल्यावर डोळे बारीक करून ती दाराशी उभी राहिली. कुठं बसावं तिला कळेना. तेव्हा सरस्वतीबाई सरकल्या आणि त्यांनी आपल्या शेजारची जागा हातानं पुसली. "हितं बस, बाई," त्या म्हणाल्या. त्यांच्या मनात काय चाललं होतं देव जाणे, पण सुनेचा हात त्यांनी मग संध्याकाळपर्यंत सोडला नाही.

छबुबाई परतीच्या गाडीसाठी फाट्यावर उभ्या होत्या. मागून कुणीतरी झपाझप चालत आलं. मघाच्या बायांतलीच एक, पंचविशीतली, कडेवर लेकरू. ती जवळ येऊन उभी राहिली, उगाच लेकराचं नाक पुसलं, आणि गाडी यायच्या दिशेला बघत म्हणाली, "मावशी, मला बी एक बारीक गाठ लागायलीय. आठ दिवस झाले. घरी सांगितलं न्हाई अजून."

आठच दिवस! छबुबाईंनी तिचा दंड घट्ट धरला. "माज्यासंगं चल. तुज्या घरी मी बोलते," त्या म्हणाल्या आणि आलेली गाडी सोडून देऊन तिच्या घरचा रस्ता धरला. चालता चालता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ती पोर विचारत होती, मावशी, कावून रडायलात? काय सांगायचं तिला? ही आठ दिवसांतच बोलली म्हणून आनंद होता, आणि हेच सांगायला दिवाळीत आपल्या लेकीला घरात कुणी नव्हतं म्हणून काळीज तुटत होतं.

सायलीचे उपचार अजून चालू आहेत. ती बरी होईल का, हे आज कुणीच सांगू शकत नाही, मीही सांगणार नाही. प्रत्येक गाठ कॅन्सरचीच असते असं नाही, शंभरातल्या कित्येक साध्या निघतात. पण ते ठरवायचं डॉक्टरनं, आपल्या भीतीनं नव्हे. आणि केस? ते बहुतेकींचे परत येतात, जरा वेळ लागतो एवढंच. तेव्हा मंडळी, तुमच्या घरात, तुमच्या गल्लीत अशी कुणी आतल्या खोलीत बसलेली असेल तर आजच जाऊन तिला बाहेर बोलवा, आपल्या शेजारी बसवा. तिच्यासाठी तर बोलवाच. पण अंगावरची गाठ पदराखाली दाबून, तुम्ही तिच्याशी कसे वागता हे गुपचूप बघत असलेली दुसरी कुणीतरी तुमच्याच घरात असेल, तिच्यासाठीही बोलवा.